कोल्हापूर वेळेवर पाहावं, वेळेवर खावं: शुक्रवार ते रविवारचा बेत

कोल्हापूरला येणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. अंबाबाईचं दर्शन, मटणाचं ताट, चपलांची पिशवी, रंकाळ्यावर फोटो आणि परतीची गाडी. यात वाईट काहीच नाही, फक्त बहुतेक मंडळी हे सगळं भलत्या वेळी करतात. दर्शनाला रविवारी सकाळी अकराला उभी राहतात, मिसळ शोधत दुपारी चारला फिरतात आणि तालमीचं दार ऐन दुपारी वाजवतात. या गावाच्या वेळा पक्क्या आहेत: पहाटे तालमीतली लाल माती, सकाळी मिसळीचा कट, दुपारी रस्सा आणि त्यावर झोप, संध्याकाळी दूध कट्टा, रात्री पालखी. त्या सांभाळल्या तर अडीच दिवसांत हे गाव बऱ्यापैकी अंगी लागतं. खालचा बेत म्हणूनच वारांप्रमाणे लावला आहे.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. गुऱ्हाळं सुरू असतात, हवा कोरडी असते आणि पेठांमधला फुटबॉल रंगात आलेला असतो. हो, फुटबॉल. कोल्हापूर कुस्तीचं गाव म्हणून प्रसिद्ध आहे, पण पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं इथे तालमींची आहेत तशीच फुटबॉल संघांचीही आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला तर पेठा ओस पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पाऊस असा लागतो की पंचगंगा पात्र सोडते आणि तुमचा बेत तिच्या मर्जीवर राहतो.

किरणोत्सव पाहायचा असेल तर तारखा लक्षात ठेवा. परंपरेने ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांपर्यंत येतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. आकाशात ढग किंवा धुरकं असलं तर किरणं वाटेतच विरतात, तेव्हा हमी कुणी देत नाही. गर्दीत आत शिरण्याचा अट्टहास नको, बाहेर पडद्यावर दाखवतात.

नवरात्रात यायचं असेल तर खोली बऱ्याच आधी घ्या. पंचमीला देवी त्र्यंबोलीच्या भेटीला टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि विजयादशमीला दसरा चौकात शाही सोहळा होतो. राजघराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून येतात, शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटण्याची एकच झुंबड उडते.

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रभर धावून सकाळी कोल्हापुरात सोडते. पुण्याहून रस्त्याने साधारण २३० किलोमीटर. गुरुवारी रात्री निघा. मुक्काम स्टेशनजवळ नको, मंदिराच्या आसपासच्या पेठांत किंवा भवानी मंडपाच्या बाजूला बघा. पहाटे आणि रात्री पायी जाता येणं हीच खरी सोय, कारण रिक्षा शोधण्यात या दोन्ही वेळा वाया जातात.

शुक्रवार सकाळ: कट आणि टाऊन हॉल

अंघोळ उरकून नऊच्या आत मिसळीला बसा. फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा ही नावं कुणीही सांगेल आणि यातली सर्वोत्तम कोणती यावर दोन कोल्हापूरकरांचं एकमत होणार नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला शिवाजी उद्यमनगरात फडतरेंकडे जा. रांग असते, पण सरकते भराभर.

ताटलीत मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, चिवडा-शेव, वर कांदा-कोथिंबीर असते. कट वेगळा येतो आणि त्याबरोबर स्लाइस ब्रेड. पाव मागू नका, मिळणार नाही असं नाही, पण ब्रेडच्या स्लाइसनं कट जसा शोषला जातो तसा पावानं जात नाही. कट सगळा एकदम ओतायचा नाही. आधी थोडा, मग वाढणारा येऊन विचारतोच, "अजून घालू का कट?" तेव्हा हो म्हणायचं. रंग पाहून घाबरायचं कारण नाही. इथला लाल रंग बराचसा तेलावर चढलेल्या चटणीचा असतो, आणि तिखटापेक्षा लसणाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास जास्त जाणवतो. फार झोंबलं तर दही मागून घ्या, पाणी पिऊन काही होत नाही.

तिथून टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय गाठा. सोमवारी ते बंद असतं, म्हणूनही शुक्रवार बरा. गॉथिक वळणाची ही इमारत १८७०च्या दशकातली आणि भोवतालची बाग तिच्याइतकीच जुन्या वळणाची. आत घाईघाईने तलवारींकडे जाऊ नका. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, तिथल्या वस्तू आधी बघा. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची हातभर उंचीसुद्धा नसलेली काशाची मूर्ती आहे. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून ती इथे पोचली म्हणजे सातवाहनांच्या काळात या गावचा व्यापार कुठवर होता याचा अंदाज येतो.

बाहेर आलात की भाऊसिंगजी रोडने चालत निघा. शहरातल्या खाण्याची एक मोठी गोष्ट याच रस्त्यावर घडली आहे, आणि ती बहुतेक पर्यटकांना कुणी सांगत नाही. गंगाराम कांबळे हे राजवाड्यावर कामाला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय गंगारामांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. दरबारातली माणसं नाही म्हणणार तरी कशी! १९०२ साली संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा राजा आणि कपबशी हातात घेऊन रस्त्यावर उभा राहणारा राजा एकच, हे या रस्त्यावरून चालताना नीट समजतं. पुढे महाराजांचं पहिलं स्मारक नर्सरी बागेत उभं करण्यात गंगारामांचाच पुढाकार होता. वेळ असेल तर जवळच्या दसरा चौकात डोकावा. वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी काढलेली जुनी वसतिगृहं चौकाभोवती आजही दिसतात.

रस्ता संपतो तिथे भवानी मंडप. जुन्या राजवाड्याचा हा चौक, आत तुळजाभवानीचं देऊळ आणि भुसा भरून ठेवलेली शिकारीतली जनावरं. अर्ध्या तासात होतं.

दुपारी जेवण हलकं ठेवा. मटण उद्यासाठी राखून ठेवायचं आहे. लोणी डोसा खा. दावणगिरी डोसा नावाने तो इथे गल्लोगल्ली मिळतो आणि जाळीदार, मऊ डोशावर लोण्याचा गोळा विरघळत येतो. मग खोलीवर जाऊन झोपा. आळस म्हणून हे सांगत नाही, रात्री जागायचं आहे.

शुक्रवार संध्याकाळ: खासबाग, भेळ, दूध, पालखी

साडेचारला खासबाग मैदानावर या. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले तेव्हा रोममधलं जुनं आखाड्याचं मैदान त्यांनी पाहिलं आणि तसं आपल्याकडे असावं असं त्यांच्या मनात आलं. १९१२ साली खासबाग सुरू झालं. मधे कुस्तीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली मातीची बैठक. मागच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचा पाय कुठे अडकला हे दिसावं अशी बांधणी आहे. कुस्त्या नसतील त्या दिवशी ते रिकामं असतं आणि खरं तर तेव्हाच त्याचा आकार नीट कळतो. वर जाऊन एकदा बसा.

त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं, नंतर संगीत रंगभूमीवरच्या या मोठ्या नटाचं नाव त्याला मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री. गावातली म्हातारी माणसं तेव्हा रस्त्यावर उभी राहून रडत होती. नव्याने उभारणीचं काम हाती घेतलं आहे, बाहेरूनच पाहा.

जवळच गायन समाज देवल क्लब आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या पदरी होते आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांची घडण याच परंपरेतली. क्लबात मैफल आहे का एवढं विचारून ठेवा. असली तर उद्याची संध्याकाळ तिच्यासाठी मोकळी ठेवा, बाकी बेत बिघडला तरी चालेल.

आता भेळ. खासबागच्या परिसरात भेळेच्या गाड्यांची आणि दुकानांची रांग आहे आणि राजाभाऊंची भेळ त्यात सगळ्यांत नावाजलेली. कोल्हापुरी भेळ कोरडीही चांगली लागते. चिंचेचं पाणी बेताचं घालायला सांगा आणि कच्च्या कैरीचा हंगाम असेल तर ती जरूर घालून घ्या.

साडेसहाच्या आत गंगावेशीत पोचा. इथल्या दूध कट्ट्यावर गवळी म्हशी घेऊन उभे असतात आणि गिऱ्हाईक आलं की समोर धार काढतात. चरवीत धार वाजते, फेस वर चढतो आणि तसाच ग्लास हातात येतो. कोमट, जड, किंचित गोडसर. "फेसासकट प्यायचं," हे सांगायला शेजारचं कुणीतरी असतंच. पैलवानांची ही सवय गावाला लागली. एक सांगून ठेवतो, हे दूध तापवलेलं नसतं. लहान मुलं, गरोदर बायका आणि नाजूक पोटाची माणसं यांनी फक्त बघावं. भेळेवर लगेच दूधही नको, मधे तासभर जाऊ द्या.

रात्री अंबाबाई. शुक्रवारी रात्री साडेनवाच्या सुमारास पालखी निघते, म्हणून मी शुक्रवारचा आग्रह धरतो. त्याआधी आठला जाऊन दर्शन घ्या. अंगभर कपडे घाला. रांगेतून बाहेर आलात की घाईने पेढ्यांच्या दुकानाकडे वळू नका, देवळाला बाहेरून एक फेरी मारा. काळ्या दगडाच्या भिंती सरळ नाहीत, कोन काढत काढत वळतात, आणि प्रत्येक कोनात योगिनींच्या मूर्ती आहेत. गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर, बरोबर देवीच्या डोक्यावर, मातृलिंग आहे. देवी नेमकी कोण, विष्णुपत्नी की शक्ती, यावर इथे शतकभर वाद चालला आहे. त्यात तुम्ही पडू नका. कोल्हापूरकर तिला अंबाबाई म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.

शनिवार पहाट: तालीम

सहाला उठून गंगावेस, मोतीबाग किंवा शाहूपुरी तालमीकडे जा. चारपासून मेहनत चाललेली असते. तालीम ही पाहायला ठेवलेली वस्तू नव्हे, तेव्हा काही रीत पाळावी लागते. दारात चपला काढा, आधी वस्तादांना विचारा, मातीत पाय ठेवू नका, आणि परवानगीशिवाय फोटो काढू नका. बायकांना आत घ्यायचं की नाही हे तालमीगणिक वेगळं, तेही आधीच विचारा. विचारलंत तर बहुधा उत्तर येतं, "बसा की निवांत, बघा."

हौद्यातली माती नुसती माती नसते. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मऊ ठेवलेली असते, आणि तो आंबूस-कापुरी वास तालमीबाहेरही येतो. कोवळी पोरं मोठ्यांशी जोड धरतात, मोठा मुद्दाम डाव सुटू देतो, पोरगं पाठीवर चढतं, मग एका झटक्यात खाली. वस्ताद कोपऱ्यातून फक्त एक शब्द टाकतात. भिंतीवरचे फोटो बघा. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे याच गावच्या तालमीत तयार झाले. बाहेर थंडाई मिळाली तर घ्या. ती बदामाची असते, भांगेची नव्हे.

मग न्यू पॅलेस. चार्ल्स मॅन्ट यांनी आखलेला हा राजवाडा १८८४ साली पुरा झाला. छत्रपतींचं निवासस्थान वरच्या भागात आणि तळमजल्यावर संग्रहालय. दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. दीड तास पुरे.

शनिवार दुपार: ताट

एक वाजता भूक लागलेली असेलच. पद्मा, ओपल, देहाती, परख ही मोठी नावं आहेत आणि कुठेही गेलात तरी फसणार नाही. मला स्वतःला गल्लीतल्या घरगुती खानावळी जास्त आवडतात. फळ्यावर "मटण ताट" एवढंच लिहिलेलं असतं आणि रस्सा संपला की शटर खाली.

ताटात सुकं मटण, खिम्याची वाटी किंवा अंडं, तांबडा, पांढरा, दही-कांदा, भाकरी आणि भात. पांढऱ्यापासून सुरुवात करा. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ आणि खडा मसाला असतो, मिरचीची पूड औषधालाही नाही. वाटी उचलून थेट प्या, चमच्याची गरज नाही. चांगला पांढरा रस्सा पातळ असतो. चमच्याला चिकटत असेल तर काजू घालून ढकललाय असं समजा. मग भाकरी कुस्करून त्यावर तांबडा. सुकं तोंडी लावत राहायचं. भात शेवटी, त्यावर दोन्ही रस्से मिसळून. बहुतेक ठिकाणी रस्सा पाहिजे तेवढा मिळतो, वाढणारा भांडं घेऊनच फिरत असतो. नको असेल तर वाटीवर हात ठेवा, तोंडी नको म्हणून भागत नाही.

शाकाहारी मंडळींनी "व्हेज कोल्हापुरी" मागवू नये. ती हॉटेलवाल्यांनी जगभर पोचवलेली भाजी आहे, इथल्या घरांत कुणी करत नाही. अख्खा मसूर आणि भाकरी मागवा, किंवा उडदाचं घुटं मिळालं तर ते. त्यानंतर पुन्हा झोप.

शनिवार संध्याकाळ: चप्पल, साज, रंकाळा

पाचनंतर चप्पल लाइनला जा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ साली इटलीच्या प्राडानं तसलाच जोड मंचावर आणला आणि कारागिरांचं नाव घ्यायचं राहून गेलं, तेव्हा इथे काय गदारोळ झाला ते आठवत असेल. विक्री मात्र तेव्हापासून तेजीत आहे, आणि नकली मालाचीही.

खरी जोडी ओळखायला तीन गोष्टी पुरतात. नाकाशी धरा: बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याला मातकट वास येतो, रसायनाचा उग्र दर्प नाही. तळ उलटा करा: शिवण कातडी वादीची हवी, खिळे किंवा नुसता डिंक नको. आणि कडा बघा: कातड्याचे थर एकावर एक दिसले पाहिजेत, मधे पुठ्ठा भरलेला नको. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी अशी नावं घेऊन विचारलंत की दुकानदार मागची पेटी उघडतो. करकर वाजणारी हवी असेल तर तसं सांगा, ती मुद्दाम वाजवायला करतात. पहिला आठवडा चावते. रात्री आतून एरंडेल चोळा, थोडा थोडा वेळ घाला आणि पावसात बाहेर काढू नका.

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, घ्यायचं नसलं तरी फिरा. कोल्हापुरी साज, ठुशी, मोहनमाळ, चपलाहार काचेमागे टांगलेले असतात. साजाला परंपरेने २१ पानं, दशावतार आणि अष्टमंगल त्यात येतात. प्रत्येक पान कशाचं हे विचारा, गिऱ्हाईक नसेल तर सोनार हौसेने एकेक दाखवतो.

सूर्य मावळताना रंकाळ्यावर. शालिनी पॅलेस पलीकडे, पाण्यातला संध्यामठ पावसाळ्यात निम्मा बुडालेला असतो. नंतर आइस्क्रीम कॉकटेल घ्या. नाव ऐकून बिचकू नका, त्यात दारूचा थेंब नाही. उंच ग्लासात थंड दूध, फळं, जेली आणि आइस्क्रीमचे गोळे. मटणाच्या दिवशी रात्रीचं जेवण म्हणून एवढंच पुरतं.

रविवार: बाहेरगावी

रविवारी शहरात थांबू नका, देवळात आणि खानावळीत पाय ठेवायला जागा नसते. दोन वाटा आहेत. पन्हाळा वीसेक किलोमीटर, वाटेवर जोतिबा. १६६० च्या वेढ्यातून शिवाजी महाराज इथूनच निसटले आणि २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. अंबरखाना आणि तीन दरवाजा पाहा, झुणका-भाकरी खा.

दुसरी वाट नृसिंहवाडी आणि खिद्रापूरची, आणि कलेच्या माणसाने हीच धरावी. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातलं. पुढच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे आणि खाली तेवढ्याच मापाची दगडी चकती, भोवती नक्षीचे खांब. चकतीवर उभं राहून वर पाहा. परतताना वाडीला दत्तदर्शन, बासुंदी आणि कवठाची बर्फी. बर्फी ताजीच घ्या, चार दिवसांवर टिकत नाही.

हिवाळ्यात आलात तर कुठल्याही वाटेवर गुऱ्हाळ लागेल. चुलवणात चिपाडं जळत असतात, काहिलीत रस उसळतो आणि गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. काकवी गरम असतानाच मागा, शेंगदाण्यांबरोबर. विकत घेताना पिवळाधमक गूळ टाळा, तपकिरी घ्या. तो रंग सहसा रसायनाशिवायचा असतो. गुळाचा पूर्ण रवा, म्हणजे मोठी ढेप, घेऊन काय करणार, किलोची ढेप पुरे.

निघताना लक्ष्मीपुरीतून कांदा-लसूण चटणी घ्या. किती तिखट हवी ते सांगून घ्या आणि दोन पिशव्यांत बांधून मागा. तेल झिरपतं, आणि बॅगेतल्या कपड्यांचा वास दोन धुण्यांतही जात नाही. काकवीची बाटली हातातल्या पिशवीत उभी ठेवा.